डावीकडून पहिली

माझ्या बहिणीने, नॉरीनने, क्लॅरिनेट वाजवणाऱ्याशी लग्न ठरवलं तेव्हाच मी घरात सांगितलं होतं, की हा माणूस तुझं ऐकतोय असं दाखवेल आणि ऐकेल फक्त स्वतःला. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. तिने तर माझा कान पिरगाळला आणि म्हणाली, "तिस्तँ, तू तुझा बोरू तोड."

बोरूच तोडत आलोय. कोगोलँ गावाच्या खाली, जिस्क्ल नदीच्या काठाने आमचं बन आहे. आजोबांनी तिथे बोरू तोडला, वडिलांनी तोडला, आता मी. जानेवारीत चंद्र उतरतीला लागला की दोन वर्षांचा बोरू तोडायचा, उभा करून ठेवायचा, उन्हाळाभर उन्हात फिरवत राहायचा. चारी बाजूंनी सोनेरी झाला की शेडमध्ये. प्रत्येक मोळीवर पेन्सिलने तोडणीची तारीख. जगात कुठेही कोणी क्लॅरिनेट तोंडाला लावलं तर त्याच्या ओठाखाली जी पातळ पत्ती थरथरते, ती बहुधा आमच्याच भागातल्या बोरूची असते. वाद्य माणसाला जन्मभर पुरतं. पत्ती तीन आठवडे.

माझा माल गाडीने कारखान्यांना जातो. पण दरवर्षी त्यातले पाच-सहा उत्तम दांडे नॉरीन निवडून न्यायची आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, खिडकीखालच्या बाकावर बसून नवऱ्यासाठी, म्हणजे लेआन्द्रसाठी, पत्त्या करायची. एक सुरी, एक काचेचा तुकडा, टोक कापायची छोटी कात्री आणि ओढ्याकाठी उगवणाऱ्या खरखरीत काड्यांची जुडी. त्या काड्या वाळवून तिने पत्ती घासली की पत्तीवर कसलाही ओरखडा राहत नसे. पत्ती उजेडाकडे धरायची, मध्ये काळसर बदामाचा आकार दिसतो का बघायची, पुन्हा दोनदा घासायची. लेआन्द्र पलीकडच्या खोलीत वाजवत असायचा. एकतीस वर्षं त्याने दुसऱ्या कोणाच्या हातची पत्ती तोंडाला लावली नाही.

ती गेली ऑक्टोबरमध्ये, पोटाच्या आजाराने. त्याआधीचा अख्खा उन्हाळा पाठीशी उशी घेऊन ती बाकावर बसली आणि तिने छत्तीस पत्त्या केल्या. सिगारच्या तीन रिकाम्या पेट्यांत बारा-बारा, ओळीने लावलेल्या. झाकणांवर एक, दोन, तीन. इस्पितळात तिने त्या पेट्या लेआन्द्रच्या मांडीवर ठेवल्या. "डावीकडून सुरू कर," ती म्हणाली. "ओळीने घे. मध्येच हात घालू नकोस."

"हो, हो," लेआन्द्र म्हणाला.

मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. मी माझ्या कानांनी ऐकलं.

तिच्या मातीला सगळं गाव चर्चमध्ये होतं. लेआन्द्र वाजवणार हे कोणी कोणाला सांगायची गरजच नव्हती. तो उठला, क्लॅरिनेट तोंडाला लावलं, आणि बदक दाबल्यासारखा एक आवाज आला. तो खाली बसला. बस. एवढंच. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "ओठ चालत नाहीत, तिस्तँ." मी त्याच्याशी आठ महिने बोललो नाही. नंतर बोलायला लागलो, पण आतून नाही. एकतीस वर्षं जिने तुझ्या तोंडासाठी डोळे फोडले तिला तू चार ओळी देऊ शकला नाहीस, हे माझ्या मनातून काही जात नव्हतं.

मधली दोन वर्षं तो त्याच पत्त्यांवर जगला. मग गेल्या नोव्हेंबरमध्ये ते घडलं. किनाऱ्यावरच्या शहरातल्या ऑपेरात तो क्लॅरिनेटवाल्यांच्या पहिल्या खुर्चीवर बसतो. तिसऱ्या अंकात सगळा वाद्यवृंद थांबतो आणि क्लॅरिनेट एकटं वाजतं, अशी एक जागा आहे. त्या जागी त्याची पत्ती फाटली म्हणा, बसली म्हणा, पुन्हा तोच बदकाचा आवाज. पॅरिसहून आलेला नवा कंडक्टर सभ्य माणूस होता, ओरडला नाही. त्याने फक्त पत्र पाठवलं. चौदा मार्चला समितीपुढे एकट्याने यायचं आणि तोच तुकडा वाजवायचा. जमला तर निवृत्तीपर्यंत खुर्ची त्याची. नाही जमला तर घरी.

लेआन्द्रला क्लॅरिनेट सोडून काहीही येत नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, अंडं उकडायला ठेवतो आणि विसरतो. घरी बसवला तर तो खुर्चीत बसून मरेल, हे मला आणि माझ्या बायकोला, रोझलिनला, दोघांनाही कळत होतं. आणि नॉरीनच्या छत्तीस पत्त्यांपैकी त्याच्याकडे एकच उरली होती.

जानेवारीत, ऐन तोडणीत, तो बनात आला. पायात शहरातले बूट, चिखलात रुतलेला.

"तिस्तँ, यंत्र आलंय."

"कसलं यंत्र?"

"नक्कल करणारं. जर्मनीहून. एका बाजूला चांगली पत्ती लावायची, दुसऱ्या बाजूला कोरी. तशीच्या तशी निघते."

"चंद्र उतरतीला लागलाय, माझा अर्धा बोरू उभा आहे, आणि मी तुझ्या यंत्रापुढे नाचायला येऊ?"

"मला कोऱ्या पट्ट्या काढता येत नाहीत."

"तुला काय येतं ते सांग, म्हणजे लवकर आटपेल."

तो नुसता उभा राहिला. मला त्याचा हा उभा राहण्याचा प्रकार अजिबात आवडत नाही, कारण मग मलाच जावं लागतं.

नॉरीनच्या खोलीत मी दोन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. बाकावर सुरी तशीच होती, मुठीला तिने गुंडाळलेली चिंधी तशीच. लेआन्द्रने तिच्या काचेचा तुकडा बाजूला सरकवून मध्ये ते यंत्र ठेवलं होतं. किल्लीवरून किल्ली काढून देणाऱ्या दुकानात असतं ना, तसलंच, फक्त जास्त नाजूक. डाव्या खाचेत नमुन्याची पत्ती पाठीवर झोपवून स्क्रूने दाबायची, उजव्या खाचेत कोरी पट्टी. वर एक दांडा, त्याला एका बाजूला पोलादी चाक, दुसऱ्या बाजूला पातं. चाक नमुन्यावरून फिरतं. ते वर चढलं की पातं वर, खाली उतरलं की पातं खाली. सोबत एक तबकडी, काटा असलेली, मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारी. आणि खोक्यात, मखमलीत ठेवलेली एक पितळेची पत्ती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"नमुना. कुणा जर्मनाच्या तोंडाचा."

"मग ती लाव की आधी. पितळ आहे, झिजणार तरी नाही."

"मला जर्मनाचं तोंड नकोय. मला नॉरीनची पत्ती हवीय."

सोबतचं पुस्तक जर्मनमध्ये होतं. आम्ही दोघांनी ते उघडून चित्रं पाहिली आणि बंद केलं. पितळेचा तुकडा मी खणात टाकला.

माझं काम मला येत होतं. नॉरीनने शेवटच्या उन्हाळ्यात ज्या मोळीतले दांडे नेले होते, त्यातले चार मी शेडमध्ये बाजूला ठेवले होते, का ते मलाही माहीत नाही. तेच आणले. करवतीने नळी कापली, चांदणीसारख्या पात्याने एका दणक्यात चार उभे तुकडे केले, रंध्याने पाठ सपाट केली, मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासली. लेआन्द्रने ती एकुलती एक पत्ती आणली. दोन बोटांत धरून, जणू प्रसादाची भाकर. खाचेत ठेवली. स्क्रू काही त्याला पिळता येईना.

"सरक," मी म्हणालो.

पहिली नक्कल वीस मिनिटांत निघाली. टोक कापलं, तबकडीखाली धरली. टोकाला दहा, मध्यावर बत्तीस, कडेला अठरा. नॉरीनच्या पत्तीलाही तेच. काट्यात केसाएवढाही फरक नाही. मला खरंच आनंद झाला. लेआन्द्रने ती ओली केली, माउथपीसवर बांधली, फुंकली.

स्वर बरोबर लागला. पण मी एकतीस वर्षं त्या घराच्या मागच्या अंगणात बोरू उतरवला आहे. त्या घराचा आवाज मला ठाऊक आहे. हा तो नव्हता.

"पुठ्ठा," लेआन्द्र म्हणाला.

"पहिलीच आहे. दुसरी काढू."

मग ते रोजचंच झालं. सकाळी बन, दुपारी जेवून नॉरीनची खोली. माझं पोट भरलेलं, त्याचं रिकामं, म्हणून रोझलिन डब्यात काहीतरी द्यायची आणि तो डबा तसाच परत जायचा. आम्ही दांडे बदलले, मुळाकडचा भाग घेतला, शेंड्याकडचा घेतला. प्रत्येक नक्कल झाली की तो आधी ती वाजवायचा, मग खरी वाजवायचा, फरक कुठे आहे ते ऐकायला. खरी वाजली की खिडकीबाहेरचं मांजरसुद्धा मान वर करायचं. मग ती फडक्याने पुसायची, परत खाचेत, परत स्क्रू.

"ओली दाबू नकोस," मी एकदा म्हणालो.

"वेळ कुठंय? चौदा मार्च."

"वाळू दे की जरा."

"तू बोरूवाला आहेस की डॉक्टर?"

"मी बोरूवाला आहे म्हणूनच सांगतोय, गाढवा."

पण मी एकदाच सांगितलं, हेही खरं. आणि चाक नमुन्यावर नीट टेकत नाही, अधूनमधून उडतं, असं वाटलं तेव्हा, "थांब, मी दाबून धरतो," हे म्हणणारा मीच होतो. माझा अंगठा बोरू तोडून तोडून पावाच्या बुडासारखा झालेला आहे. तोच मी त्या दांड्यावर ठेवला आणि महिनाभर ठेवला.

आणखी एक गोष्ट सांगतो, आता लपवून काय करू. फेब्रुवारीच्या मध्यावर तबकडी टोकाला नऊ दाखवायला लागली. मग आठ. नक्कल आणि खरी, दोन्ही आठ. म्हणजे नक्कल बरोबरच होती, खरीच पातळ होत होती. मला हे काटा आठवर यायच्या तीन दिवस आधीच कळलं होतं. मी बोललो नाही. काटा हलत असेल, थंडीने असेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. बोललो असतो तर यंत्र थांबलं असतं, आणि मला त्या खोलीत बसायला मिळालं नसतं. तिथे अजून तिच्या हातच्या बोरूच्या भुशाचा वास होता.

सत्तावीस नकला झाल्या. सत्तावीस पुठ्ठे.

त्या शुक्रवारी आमच्याकडचा कोरडा वारा, मिस्त्राल, सुटला होता, खिडक्या धडधडत होत्या. मिस्त्रालमध्ये पत्ती ओली ठेवणंच कठीण, तोंडातून काढली की कोरडी. लेआन्द्र डोकं धरून बसला. मला एक शहाणपण सुचलं.

"तिच्या जुन्या पत्त्या आहेत ना तुझ्याकडे?"

होत्या. क्लॅरिनेटवाले मेलेली पत्ती फेकत नाहीत, कधीतरी जिवंत होईल म्हणून ठेवतात. बाकाचा खालचा खण गच्च भरलेला होता. एकतीस वर्षांच्या पत्त्या.

"सगळ्या मोजू," मी म्हणालो. "सगळ्यांचं मिळून जे माप निघेल ते तिचं माप. मग त्या मापाची करू."

"तिस्तँ," लेआन्द्र म्हणाला, आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर काहीतरी आलं, "तुझ्या डोक्यात कधीकधी उजेड पडतो रे."

आम्ही मोजायला लागलो. मी तबकडीखाली धरायचो, आकडे सांगायचो, तो लिहायचा. अकरा, चौतीस, वीस. पुढची नऊ, तीस, सोळा. पुढची एका कडेला वीस, दुसऱ्या कडेला पंधरा.

"ही वाकडी आहे," मी म्हणालो.

"नॉरीन वाकडी पत्ती करत नव्हती."

"मग काटा खोटं बोलतोय?"

पन्नास मोजल्या. दोन सारख्या निघाल्या नाहीत. माप असं काही नव्हतंच. लेआन्द्रने लिहायचं थांबवलं होतं, पण मी आकडे सांगतच होतो, कारण थांबलो असतो तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

तेवढ्यात रोझलिन आली, लसणाची दाट चटणी, आयोली, आणि उकडलेला मासा घेऊन, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून. "दोन म्हातारे काड्या मोजतायत," ती म्हणाली. "जेवा आधी." बाकावर जागा करायला तिने मूठभर पत्त्या उचलल्या, आणि मग एक उलटी करून खिडकीकडे धरली.

"यावर काय लिहिलंय?"

"बोरूची तारीख असेल," मी म्हणालो. "मीच लिहितो मोळीवर. ती पाठीवर उतरवून घेत असेल."

"मलाही तसंच वाटायचं," लेआन्द्र म्हणाला. "चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि पाठ तर माउथपीसला चिकटलेली असते."

"ही तारीख नाही," रोझलिन म्हणाली. आमच्या तिघांत डोळे तिचेच शाबूत आहेत. तिने वाचलं, "सत्त्याऐंशी, मे. दाढ काढली. डावी बाजू हलकी ठेवली."

मी हातातली वाकडी पत्ती तिच्यापुढे केली. तिने वाचलं, "ब्याऐंशी. उजवा गाल सुजलाय. लोणी जास्त खातोय." आणि ती हसली. मग दुसरी वाचली, "नव्वद, फेब्रुवारी. आईशी भांडून आलाय. जोरात फुंकेल, जाड ठेवली." मग, "चार दिवस सर्दी." मग, "वाढदिवस. तरुण असल्यासारखा वाजवतोय, वाजवू दे." आम्ही तिघेही हसत होतो. लेआन्द्रच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते हसण्याचं होतं. ती पलीकडच्या खोलीत बसून ऐकायची आणि त्या आठवड्याचा त्याचा ओठ, त्याचा दात, त्याचा राग पत्तीत घालायची. आणि आम्ही महिनाभर शंभराव्या भागात तिचं माप शोधत होतो.

"शेवटच्या पेट्यांतल्या कुठल्या?" लेआन्द्रने विचारलं.

त्या वरच होत्या, नव्या दिसत होत्या. रोझलिनने एक उलटी केली आणि तिचा आवाज बदलला.

"एक, दोन. घरी पहिला आठवडा. धाप लागेल तुला. कमी हवेवर वाजेल अशी केली आहे."

एक, दोन म्हणजे पहिल्या पेटीतली दुसरी. आधीच्या पत्त्यांवर तो 'तो' होता. इथे 'तू' होता.

"एक, चार. नाताळ. तिस्तँकडे जेवायला जा. नाही गेलास तरी वाजव."

गेला नव्हता. मी त्या वर्षी बोलावलंच नव्हतं.

"एक, अकरा. मे महिना. घर विकायचं मनात येईल. विकू नकोस. हिचा वरचा स्वर उघडा ठेवलाय."

"दोन, अकरा. आता कोणी हसवलं तर हस."

"तीन, नऊ. दात सैल झाले असतील. चावू नकोस, हलकेच धर."

मेल्यानंतरच्या दोन वर्षांचा त्याचा प्रत्येक आठवडा तिने उशीला टेकून, पोट दाबून, अंदाजाने घासून ठेवला होता. ओळीने. डावीकडून. आणि क्लॅरिनेटवाले जे करतात तेच त्याने केलं होतं. छत्तीसच्या छत्तीस काढल्या, नखावर टोक वाकवून बघितलं, कडक एकीकडे, मऊ दुसरीकडे, आणि हवा बघून रोज हाताला येईल ती घेतली.

"नोव्हेंबरात कुठली होती?" त्याने स्वतःच विचारलं, आणि स्वतःच शोधली. टोकाला फाटलेली होती. त्याने ती रोझलिनकडे दिली.

"एक, तीन," तिने वाचलं. "अजून जोर नसेल तुझ्यात. अगदी पातळ केली आहे. मोठ्या ठिकाणी वाजवू नकोस."

बाहेर मिस्त्राल दार ठोठावत होता. आयोली वाडग्यात तशीच होती. रोझलिनने पेटीच्या ओळी लावल्यासारख्या त्या पत्त्या बाकावर मांडल्या, पस्तीस झाल्या. एक जागा रिकामी राहिली. डावीकडून पहिली.

तिघांनीही यंत्राकडे बघितलं.

स्क्रू मीच सोडवला. महिनाभर ती पाठीवर झोपलेली होती, वरून माझा अंगठा. उचलली तेव्हाच कळलं. टोकाचा एक कोपरा दोऱ्यांसारखा सुटला होता. उजेडाकडे धरली तर मधला काळसर बदाम नव्हता, सगळीकडून सारखाच फिका उजेड येत होता. मी ती उलटी करून रोझलिनला दिली. तिला वाचवेना. तिने ती लेआन्द्रला दिली आणि माझ्या खिशातला चष्मा काढून त्याच्या डोळ्यांवर ठेवला.

त्याने स्वतः वाचलं, मोठ्याने, पहिलीतल्या मुलासारखं अडखळत.

"एक, एक. चर्चसाठी. रडून ओठ सुजले असतील तुझे. मऊ केली आहे."

मी खाली बसलो.

"मी घेतली होती ही हातात," लेआन्द्र म्हणाला. "त्या सकाळी. पहिलीच होती. नखावर वाकवली, म्हटलं, ही शाळेतल्या पोरांची, एवढी मऊ कोण वाजवतं. बाजूला ठेवली आणि मधली एक घेतली." त्याने चष्मा काढला. "पुढे ओठ थकायला लागले तेव्हा लावून बघितली. इतकी गोड होती. म्हटलं, ही शेवटपर्यंत जपायची."

दोन वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. तिने त्याला चार ओळी वाजवता याव्यात म्हणून सगळी तयारी करून ठेवली होती, आणि त्याने ऐकलं नव्हतं. पण त्या खुर्चीवर बसून 'डावीकडून' हा शब्द मीही ऐकला होता. पेट्या गाडीत मी ठेवल्या होत्या. मला तरी कुठे वाटलं होतं, की त्या शब्दात काही असेल?

चौदा मार्चला मीच त्याला गाडीने नेलं. तो जायला तयार नव्हता, मी भांडलो. "बाजारातली लाव, जर्मनाच्या तोंडाची लाव, पण जा." त्याने दुकानातली पेटी घेतली, एक निवडली, ती बरी होती. मी बाहेरच्या बाकावर बसलो. आतून तो तुकडा ऐकू आला. चूक एकही नव्हती. बदकाचा आवाजही नव्हता. अर्ध्यावर कोणीतरी "आभारी आहोत, महाशय" म्हणालं, आणि तो बाहेर आला. फार आदराने वागले, म्हणाला. निरोप देताना हात मिळवला सगळ्यांनी. एका बाईने विचारलं, पूर्वीसारखा रंग का येत नाही. तो म्हणाला, माहीत नाही.

परतताना गावाच्या वळणावर तो म्हणाला, "स्मशानापाशी थांबव."

वारा होताच. नॉरीनच्या दगडावर सुरूच्या झाडाची सुकलेली फळं येऊन पडली होती, ती मी पायाने बाजूला केली. लेआन्द्रने क्लॅरिनेट जोडलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून ती पत्ती काढली आणि तोंडात धरून ओली करत राहिला, खूप वेळ.

"काय करतोस?" मी म्हणालो. "ती गेलीय. तुला माहितीय."

"माहितीय."

"आवाज नाही यायचा."

"तिस्तँ, गप्प बस जरा."

त्याने ती बांधली आणि फुंकलं. हवा आली. नुसती हवा. सुटलेल्या कोपऱ्यातून फसफस होत होती, स्वर एकही धरत नव्हता. त्याचे गाल फुगले, डोळे मिटलेले होते, बोटं कळांवरून सावकाश फिरत होती. दुसऱ्या ओळीला मला सहन होईना.

"पुरे कर," मी म्हणालो.

त्याने पत्ती ओठावरून न काढता मान हलवली. नाही. अजून दोन ओळी होत्या.

मग मी टोपी काढली आणि शेवटपर्यंत उभा राहिलो. कळांची टकटक ऐकू येत होती, आणि वारा. चर्चमध्ये जे वाजायचं होतं, त्यातलं एवढंच उरलं होतं. बाकीचं मी माझ्या अंगठ्याने घासून काढलं होतं.